इंजिनाचा गळा कोणी आवळलेला नाही

मोटारसायकलच्या कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ थांबले की एक सिद्धान्त कानावर येतोच. कंपनीने गाडीचा गळा मुद्दाम आवळून ठेवला आहे. प्रदूषणाचे नियम, ॲव्हरेजचे आकडे आणि वॉरंटीची धास्ती यांच्यापायी इंजिन कोंडून पडले आहे. मोठा कार्बोरेटर बसवा, स्लाइडला भोक पाडा, मुठीत झटपट फिरणारी रीळ घाला, नवी गाडी असेल तर थ्रॉटलच्या वायरीत एक डबी जोडा. मग तेच इंजिन कसे खुलते बघा. हे सांगणारा मिस्त्री लबाड असतो असे मला वाटत नाही. त्याचा यावर विश्वास असतो, आणि गाडी घेऊन गेलेला मुलगाही दोन दिवसांनी खूश होऊन परत येतो. विकणारा प्रामाणिक, घेणारा समाधानी. अशा व्यवहारातली चूक पकडणे फार अवघड, कारण तिथे कोणी खोटे बोलतच नसतो.

तरीही सिद्धान्त चुकीचा आहे. थ्रॉटलच्या या सगळ्या खटपटींनी ताकद केव्हा हाती येते ते बदलते. किती येते, ते बहुतेक गाड्यांत जिथल्या तिथे राहते.

पेट्रोल इंजिनातला थ्रॉटल ताकद तयार करत नाही, तो हवा अडवतो. मूठ सोडलेली असते तेव्हा जवळजवळ सगळी अडवतो. पूर्ण पिळली की अडवायचे थांबतो. तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी जवळपास बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो, आणि टर्बो नसलेल्या गाडीला त्याहून फारसे जास्त मिळण्याची सोय नाही. (हवेच्या नळीची लांबी आणि व्हॉल्व्हचे टायमिंग जुळवून थोडे वर जाता येते, पण ते श्रेय थ्रॉटलचे नव्हे.) म्हणजे थ्रॉटल सुधारून कमावता येईल ते फक्त वाटेत गळणारे. समजा, वरच्या आरपीएमवर मूठ पूर्ण पिळलेली असताना एअर फिल्टरपासून व्हॉल्व्हपर्यंत दाबाचा तोटा सात टक्के आहे आणि त्यातला निम्मा कार्बोरेटरचा. जगातला सर्वोत्तम कार्बोरेटर आणून तो निम्मा पुरता पुसून टाकला, तरी पदरात साडेतीन टक्के. चौदा पीएसच्या गाडीवर अर्धा पीएस. आता दुसरा हिशेब बघा. वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला चढताना आपण सुमारे सहाशे मीटर वर जातो, आणि हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते. तेवढी ताकद घाटात सांडून येते. वेण्णा लेकवर मक्याचे कणीस खाताना 'गाडीची ताकद गेली' अशी तक्रार कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. मग त्याहून कमी ताकद वाढल्याचे मात्र मुलाला दुसऱ्या चौकातच कळते, ते कसे?

प्रश्न खोचक असला तरी त्याला खरे उत्तर आहे, आणि तेच या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

तीन हजार आरपीएमला दीडशे सीसीचे इंजिन इतकी कमी हवा मागते की बटरफ्लाय (थ्रॉटलची फिरणारी झडप) निम्मा उघडला तरी त्याची भूक जवळपास भागते. त्यापुढची मूठ पिळून तिथे फारसे काही घडत नाही. आता बटरफ्लायचा व्यास वाढवला, तर तीच भूक एक-तृतीयांश मुठीतच भागेल. मुठीतली रीळ जाड केली तर केबल लवकर ओढली जाईल, परिणाम तोच. आधी थोडी मूठ पिळल्यावर गाडी शांतपणे सरकत होती, आता तेवढ्याच पिळीला उसळी मारते. बसलेल्या माणसाच्या पाठीला ताकद मोजता येत नाही. तिला फक्त बदल जाणवतो, म्हणजे जोर किती चटकन वाढला ते. म्हणून ती निकाल देते की गाडीत 'पिकअप' आला. निकाल प्रामाणिक आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे.

पडताळा घ्यायला डायनोही (ताकद मोजायचे यंत्र) लागत नाही. मोकळा सपाट रस्ता, तिसरा गिअर, ताशी तीस किलोमीटर. मूठ एकदम पूर्ण पिळायची आणि सत्तरपर्यंत जायला लागलेला वेळ मागे बसलेल्याने घड्याळात बघायचा. जाताना एकदा आणि उलट दिशेने एकदा, म्हणजे वाऱ्याचा वाद नको. सुधारणेच्या आधी आणि नंतर. मूठ पूर्णच पिळायची असल्याने लवकर उघडण्याचा फायदा यात पहिल्या क्षणातच संपतो, उरते ती निखळ ताकद. ही चाचणी करून बघ म्हटले की बहुतेक जण विषय बदलतात.

मोठ्या कार्बोरेटरचे समर्थक यावर म्हणतात की भोक मोठे म्हणजे हवा जास्त, यात न समजण्यासारखे काय आहे? पाणीच कमी दाबाने येत असेल तर नळ दीड इंची बसवून बादली लवकर भरत नाही, हे पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाऊक असते. इंजिनही आपल्या आकारमानाने आणि आरपीएमने ठरेल तेवढीच हवा ओढते. दीडशे सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन साडेआठ हजार आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ६४० लिटर हवा घेऊ शकेल. प्रत्यक्षात त्याहून कमीच घेते. ती २६ मिलिमीटरच्या भोकातून जाते की ३० च्या, यावर प्रमाण ठरत नाही. वेग मात्र ठरतो. २६ चे ३० केले की क्षेत्रफळ एक-तृतीयांशाने वाढते आणि हवेचा वेग पाऊणपट होतो. कार्बोरेटरचे सगळे काम या वेगावर चालते. वेगवान हवा दाब खाली आणते, त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येते आणि बारीक तुषार होऊन मिसळते. वेग पडला की ओढ कमी होते, पेट्रोल कमी आणि जाडसर थेंबांत येते, आणि सिग्नलवरून निघताना गाडी गुदमरते. मग मिस्त्री जेट मोठा करतो. गुदमरणे थांबते, ॲव्हरेज जाते, प्लग काळा पडतो, आणि मुलाला सांगितले जाते की ताकद हवी तर पेट्रोल लागणारच. हे शेवटचे वाक्य खरे आहे. फक्त इथे पेट्रोल लागले, ताकद आली नाही.

हीच अडचण ओळखून सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बोरेटर बनवला गेला, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चार-स्ट्रोक गाड्यांवर वर्षानुवर्षे तोच होता. त्यात मुठीची केबल फक्त बटरफ्लाय फिरवते. सुई धरून ठेवणारी स्लाइड रबरी डायफ्रामला लटकलेली असते आणि इंजिनाच्या ओढीने आपोआप वर सरकते. तुम्ही कितीही घाईने मूठ पिळली तरी स्लाइड इंजिनाला झेपेल तेवढीच उठते. म्हणजे भोकाचा आकार दर क्षणी इंजिन स्वतः ठरवते. या स्लाइडला जादा भोक पाडणे, तिची स्प्रिंग कापणे, किंवा सीव्ही काढून साधा स्लाइड कार्बोरेटर लावणे म्हणजे हा निर्णय इंजिनाकडून काढून आपल्या मनगटाकडे घेणे. शर्यतीतल्या स्वाराला ते हवे असते, कारण तो इंजिन कायम वरच्या आरपीएमवर नाचवत ठेवतो. कात्रजहून स्वारगेटला जाणाऱ्याचे इंजिन अर्धा वेळ अडीच हजारांवर असते.

सिद्धान्तात तथ्य अजिबात नाही, असेही नाही. नियम पाळण्यासाठी कंपन्या कमी पिळीवरचे मिश्रण पातळ ठेवतात, हे खरे आहे. कार्बोरेटरच्या कित्येक गाड्या थंडीत सकाळी अडखळायच्या त्या यामुळेच. पण त्याचा इलाज सुईखाली अर्ध्या मिलिमीटरची चकती घालण्याचा, पायलट स्क्रू थोडा फिरवण्याचा. पूर्ण पिळीवरचा मेन जेट कंपनी सहसा उपाशी ठेवत नाही, कारण तिथे मिश्रण पातळ झाले की डोके तापते, पिस्टन जातो आणि वॉरंटीचा खर्च तिच्याच गळ्यात पडतो. शिवाय जाहिरातीत छापायचा पीएसचा आकडा त्याच पूर्ण पिळीवर मोजतात. स्पर्धकाच्या गाडीपेक्षा अर्धा पीएस जास्त दाखवता यावा म्हणून जिथे इंजिनिअर रात्री जागवतात, तिथे कंपनी मिळत असलेली ताकद लपवून ठेवेल, हे मला पटत नाही.

आकार खरोखरच आड येतो, अशी उदाहरणेही आहेत. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेट ३५० वर २४ मिलिमीटरचा मिककार्ब कार्बोरेटर असे. ३४६ सीसीच्या इंजिनाला ते भोक अरुंदच म्हणायचे. साडेपाच हजार आरपीएमला त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वरच्या दीडशे सीसीच्या हिशेबाच्या पावणेदोनपट भरतो. त्यावर २८ चा लावला तर वरच्या टोकाला काहीतरी मिळेल. पण बुलेटवाला त्या टोकाला राहतो कुठे? ९० मिलिमीटर स्ट्रोकचे ते इंजिन खालच्या आरपीएमवर धडधडत ओढण्यासाठी घडवलेले, आणि तिथे अरुंद भोकाचाच उपयोग होतो.

आरएक्स १०० ची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण कोल्हापूर-सांगलीकडे थ्रॉटलच्या वादात अखेर तिचेच नाव पुढे केले जाते. ९८ सीसी, ११ पीएस, १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ही टू-स्ट्रोक गाडी आजही नव्या गाडीच्या किमतीला हात लावते. तिच्यावर मोठा कार्बोरेटर चढवून फरक पडतो, हे मी मान्य करतो. टू-स्ट्रोकमध्ये पोर्टची उंची, एक्स्पान्शन चेंबर आणि कार्बोरेटर हे एकमेकांत गुंतलेले असतात. सिलिंडरचे पोर्ट घासून वर नेले आणि चेंबर बदलला की इंजिन पूर्वी घेत नव्हते ती हवा वरच्या आरपीएमवर मागू लागते, आणि मग मूळचा कार्बोरेटर खरोखर अपुरा पडतो. म्हणजे आधी भूक वाढवायची, मग तोंड. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जाणत्या कारागिरांचा क्रम हाच असतो. ज्यांनी फक्त कार्बोरेटर बदलला त्यांना मात्र एक जोखीम कोणी सांगत नाही. या गाडीची मुठीची केबल पुढे जाऊन फुटते. एक फाटा कार्बोरेटरला जातो, दुसरा ऑटोल्यूबच्या तेलाच्या पंपाला. मूठ जितकी पिळाल तितके तेल, असा तो हिशेब मूळ स्लाइडच्या उचलीशी बांधलेला आहे. स्लाइडची उचल बदलली आणि पंपावरची खूण पुन्हा जुळवली नाही, तर कमी तेलाचा धोका आलाच; त्यात मोठ्या भोकाचे पातळ मिश्रण. इंजिन सीझ होते ते बहुधा हायवेवर, बरीच लांब मूठ धरून ठेवल्यावर. त्यानंतर दोष जातो पेट्रोलमधल्या भेसळीला.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा शर्यतींचा आहे. थ्रॉटलने काही होत नसते तर शर्यतींच्या नियमांत हवा अडवणारे रिस्ट्रिक्टर कशाला आले असते? २००८ मध्ये वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धेत दोन सिलिंडरच्या १२०० सीसी गाड्यांना मुभा मिळाली तेव्हा त्यांच्यावर ५० मिलिमीटरचे रिस्ट्रिक्टर लादले गेले, आणि डुकाटीची मंडळी त्यावर नाराज होती. बरोबर. अडवून ताकद कमी करता येते, याबद्दल दुमत नाहीच. युरोपात ए-टू परवान्याच्या स्वाराला ३५ किलोवॅटच्या वरची गाडी चालवता येत नाही. म्हणून तिथे मोठ्या गाड्यांचा थ्रॉटल अर्ध्यावर अडवणारा खिळा किंवा सॉफ्टवेअर बसवून देतात. तो खिळा काढला की गाडी खरोखर खुलते. आपल्याकडे असा परवानाच नाही, त्यामुळे असा खिळाही नाही. मला तर वाटते, हा सिद्धान्त तिकडच्या गाड्यांवरून इकडे आला आणि येताना खिळा तिकडेच राहून गेला. रॉयल एनफिल्डच्या ६५० ची ताकद त्या ३५ किलोवॅटच्या रेषेलाच येऊन थांबते, हे खरे. पण ती तशी अख्ख्या इंजिनाच्या घडणीतून आली आहे. तिच्यात उपटून टाकावा असा अडसर शोधायला गेलात तर सापडणार नाही.

असाच गैरसमज चाकणला बनणाऱ्या कावासाकी निन्जा ३०० भोवती आहे. तिच्या प्रत्येक नळीत दोन बटरफ्लाय असतात: एक तुमच्या मुठीचा, दुसरा ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या, ताब्यातला. हा दुसरा बटरफ्लाय काढून टाकण्याची टूम जगभर आहे. पण ईसीयू त्याला दाबून धरतो तो खालच्या आणि मधल्या आरपीएमवर, हवेचा वेग टिकावा आणि गाडी झटके खाऊ नये म्हणून. जिथे कमाल ताकद मोजतात तिथे तो आधीच सताड उघडलेला असतो. तो काढून मिळते ती पुन्हा पहिल्या पाव मुठीतली उसळी.

आता डब्यांकडे. केटीएमची ३९० ड्यूक २०१७ मध्ये राइड-बाय-वायर झाली, मग इतर गाड्याही त्या वाटेने गेल्या. यात केबल नसते. मुठीचा सेन्सर ईसीयूला आकडा कळवतो आणि मोटर बटरफ्लाय उघडते. मधे बसवलेली डबी फक्त आकडा फुगवते. तुम्ही तीस टक्के पिळता, ती साठ सांगते. तुम्ही शंभर पिळता तेव्हा तीही शंभरच सांगते, कारण त्यापुढे आकडाच नाही. हजारो रुपयांच्या या वस्तूचे सगळे काम मनगट थोडे जास्त वळवून फुकटात होते. इंजेक्शनच्या गाडीवर मोठी थ्रॉटल बॉडी लावणे हा तर याहून वाईट व्यवहार, कारण तिथे किती उघडले म्हणजे किती हवा आली, याचे कोष्टक ईसीयूत लिहिलेले असते. भोक बदलले की कोष्टक खोटे ठरते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहाच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर साध्या चालीत मिश्रण १४.७ ला एक या प्रमाणाकडे ओढून आणतो, तुमची सुधारणा पुसत राहतो. पूर्ण पिळीला तो बाजूला होतो आणि चुकीचे कोष्टक राज्य करते. ताकदीची गरज असते नेमकी तिथेच गोची.

बजाज पल्सर २२० चा दाखला हमखास दिला जातो: २००७ मध्ये इंजेक्शनसह आली तेव्हा २० पीएस, २००९ मध्ये इंजेक्शन काढून कार्बोरेटर लावला तर २१. बघा, म्हणतात, कार्बोरेटरने ताकद वाढली! पण तो कार्बोरेटर कारखान्याने जेट, सुई, स्प्रिंगसकट त्या इंजिनासाठी जुळवून दिला होता, आणि एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या हाती लागली ती पाच टक्क्यांची वाढ. गल्लीतल्या सुधारणेकडून पंधरा-वीसची अपेक्षा कोणत्या हिशेबाने करायची?

'टॉप स्पीड दहाने वाढला' हा दावाही हिशेबात बसत नाही. वरच्या वेगांत मुख्य अडथळा हवेचा, आणि त्याला तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ११० वरून १२० ला जायचे तर जवळपास तीस टक्के ताकद जास्त हवी. चौदा पीएसची गाडी अठराची व्हायला हवी. तेवढे कार्बोरेटरने होत असेल तर बजाजच्या आकुर्डीतल्या संशोधन विभागाला टाळे लावावे लागेल. बहुधा वारा पाठीमागून असतो, रस्ता उताराचा असतो, किंवा स्वार यावेळी टाकीवर जास्त झोपलेला असतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते. पोलीस सायलेन्सर पकडतात, कार्बोरेटर पकडत नाहीत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र अपघातानंतर गाडी वाकून बघतो.

गाडी खरेच मरगळलेली वाटत असेल तर आधी एवढे करावे. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, मूठ पूर्ण पिळावी आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघावे (सीव्ही असेल तर स्लाइड बोटाने उचलून धरून): बटरफ्लाय खरोखर आडवा होतो का, साधी स्लाइड असेल तर ती पूर्ण वर जाते का? कित्येक जुन्या गाड्यांत जात नाही. केबल ताणलेली असते, ॲडजस्टर ढिला असतो, आणि मूठ पूर्ण पिळूनही थ्रॉटल तीन-चतुर्थांशच उघडतो. मग सीव्हीचा डायफ्राम उजेडासमोर धरून सुईच्या अग्राएवढे छिद्र शोधावे. फाटला असेल तर स्लाइड उठतच नाही आणि सहा हजारांच्या वर गाडी मरते. व्हॉल्व्हची फट, फिल्टर, चेन, घासणारा ब्रेक. हा मरगळीचा खरा पत्ता आहे, आणि तिथे गेलेली ताकद कधीकधी दहा टक्क्यांनीही परत येते. ती परत येते, वाढत नाही; पण मिस्त्री तिचे श्रेय त्याच दिवशी बसवलेल्या नव्या कार्बोरेटरला देतो, आणि सिद्धान्ताला आणखी एक साक्षीदार मिळतो.

शेवटी एक युक्तिवाद उरतो आणि त्याच्याशी माझे भांडण नाही: ताकद वाढो न वाढो, मजा येते. येते, कबूल. मग ती मजेच्या नावाने विकावी आणि तिची जागाही सांगावी. सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर पाव मुठीत उसळणारी गाडी गोड वाटते. जुलैत आंबोली घाट उतरताना, लाल चिखल वाहून आलेल्या वळणावर, ओले हातमोजे आणि मागे बसलेले माणूस असताना, खड्ड्याच्या एका दणक्याने मनगट दहा अंश हलते. मूळ थ्रॉटलला ते दहा अंश पोटात घालता येतात, कारण कंपनीने पहिली पाव मूठ मुद्दाम मंद ठेवलेली असते. त्याच मंदपणाला गॅरेजात गळा आवळणे म्हणतात.